शंभर कोटी डॉलर आणि एक नकाशा: नॉर्वे–इंडोनेशिया वनकराराचे प्रकरण

२६ मे २०१० रोजी ऑस्लोमध्ये नॉर्वे आणि इंडोनेशिया यांनी एका इरादापत्रावर सह्या केल्या. इंडोनेशियाने जंगलतोड आणि पीटजमिनींची (अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या पाणथळ जमिनींची) नासाडी कमी करायची आणि त्याबदल्यात नॉर्वेने १०० कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यायची, असा तो सौदा. १० सप्टेंबर २०२१ रोजी इंडोनेशियाने तो मोडला. मधल्या अकरा वर्षांत तयारीसाठी थोडाफार पैसा आला, पण प्रत्यक्ष कामगिरीबद्दल म्हणून द्यायच्या रकमेतला एक डॉलरही जाकार्तात पोचला नव्हता. गंमत म्हणजे करार मोडला तेव्हा सरकारी मोजणीनुसार जंगलतोड नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकावर होती. काम बिघडले म्हणून करार मोडतात, इथे काम सुधारल्यावर मोडला. वर्षभराने दोघे पुन्हा एका टेबलाशी बसले आणि पैसे अखेर आले.

वनसंवर्धनातल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल बोलताना हे प्रकरण वारंवार निघते, कुणी ते फसलेला प्रयोग म्हणून सांगते, कुणी यशोगाथा म्हणून. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीच्या तारखा सापडतात. इथे ते क्रमाने मांडले आहे. देश, पदे आणि तारखा उघड नोंदीतल्या आहेत. कंपन्या, गावे आणि खालच्या पातळीवरचे अधिकारी यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

इंडोनेशियाच्या एकूण जमिनीपैकी जवळपास दोनतृतीयांश जमीन कागदोपत्री 'वनक्षेत्र' आहे. कागदोपत्री अशासाठी, की त्यावर झाडे असतीलच असे नाही. लष्करशहा सुहार्तो यांच्या राजवटीत या क्षेत्रातले मोठमोठे पट्टे लाकूडतोडीसाठी मर्जीतल्या कंपन्यांना मिळाले. १९९८ मध्ये ती राजवट कोसळली, पाठोपाठ सत्तेचे विकेंद्रीकरण झाले आणि परवान्याची लेखणी बऱ्याच अंशी जिल्हाप्रमुखांच्या हाती आली. त्याच काळात जगात पामतेलाची मागणी चढत गेली. आज जगातले निम्म्याहून जास्त पामतेल एकटा इंडोनेशिया काढतो आणि त्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत आपण आहोत. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा आपल्याकडच्या फरसाणवाल्यांपासून साबण कारखान्यांपर्यंत सगळ्यांना त्याची झळ बसली होती.

आता पीटबद्दल, कारण ते समजल्याशिवाय पुढचे काही लागत नाही. सुमात्रा, कालिमांतान (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग) आणि पापुआच्या सखल भागांत जंगल पाण्यात उभे असते. पडलेला पालापाचोळा, मुळे, खोडे हवेअभावी पुरती कुजत नाहीत आणि हजारो वर्षे थरावर थर साचत जातात. काही ठिकाणी हा थर दहा मीटरहून खोल आहे. ओला असेपर्यंत तो काळपट, स्पंजासारखा असतो आणि त्यात प्रचंड कार्बन दडलेला असतो. लागवडीसाठी चर खणून त्यातले पाणी काढले, की तो वाळतो, आकसतो, जमीन खचू लागते. मग एखाद्या ठिणगीने तो पेटतो आणि ही आग वरवर न दिसता खालून आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. वरून बंब मारून ती विझत नाही, जमिनीतली पाण्याची पातळी वर यावी लागते.

१९९५ च्या सुमारास मध्य कालिमांतानात सुहार्तो सरकारने सुमारे दहा लाख हेक्टर पीटजमीन भातशेतीखाली आणायचे ठरवले आणि हजारो किलोमीटर कालवे खणले. भात पिकलाच नाही. १९९७ च्या एल निन्योत (प्रशांत महासागर तापल्याने इथे पाऊस कमी पडतो, त्या वर्षात) मात्र हीच जमीन भडकली आणि तिचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. कालवे तसेच राहिले.

नॉर्वेची बाजू वेगळी. उत्तर समुद्रातल्या तेल-वायूवर श्रीमंत झालेल्या या देशाने २००७ च्या बाली हवामान परिषदेत जाहीर केले, की उष्ण कटिबंधातली जंगले वाचवण्यासाठी आपण दरवर्षी ३०० कोटी क्रोनपर्यंत (क्रोन हे नॉर्वेचे चलन) खर्च करू. २००८ मध्ये ब्राझीलशी आणि २००९ मध्ये गयानाशी करार झाले. इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो यांनीही २००९ मध्ये पिट्सबर्गच्या जी-२० बैठकीत शब्द दिला होता: २०२० पर्यंत उत्सर्जन स्वबळावर २६ टक्के आणि बाहेरची मदत मिळाली तर ४१ टक्क्यांपर्यंत कमी करू. एकाला पैसे खर्चायचे होते, दुसऱ्याला शब्द पाळायचा होता. गाठ पडणे अवघड नव्हते.

अडचण नेमकी काय होती

बाहेरून पाहता प्रश्न साधा वाटतो: झाडे तोडली की पैसा मिळतो, न तोडल्याबद्दल जास्त पैसा दिला तर झाडे वाचतील. हा हिशेब पुस्तकात जुळतो. पण तोडण्यातून मिळणारा पैसा एकाच्या खिशात जात होता आणि न तोडण्याबद्दलचा दुसऱ्याच्या खात्यात जमा होणार होता. परवाना देणारा जिल्हाप्रमुख, पट्टा मिळवणारी कंपनी, लागवडीवर मजुरी करणारे कुटुंब, यांपैकी कुणाचाही ऑस्लोच्या कागदाशी संबंध नव्हता. करार राष्ट्रांत होता आणि कुऱ्हाड चालत होती जिल्ह्यात.

दुसरी अडचण नकाशांची. वनमंत्रालयाचा नकाशा वेगळा, पर्यावरण मंत्रालयाचा वेगळा, जमीन नोंदणी खात्याचा आणखी वेगळा, खाणींचा तर स्वतंत्रच. एकाच तुकड्यावर संरक्षित जंगल, पामची लागवड आणि कोळशाची खाण अशी तिन्ही हक्कांची नोंद निघे. अध्यक्षांसमोर पापुआचे दोन सरकारी नकाशे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा दोन्हींत जंगल वेगवेगळे दिसले, असे कराराच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या कृतिदलाचे प्रमुख नंतर भाषणांत सांगत. विदर्भातल्या झुडपी जंगलाचा घोळ ज्यांनी पाहिला आहे, महसूल खात्याचा सातबारा एक म्हणतो आणि वनखाते दुसरेच म्हणते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फक्त इथे प्रश्न कोट्यवधी हेक्टरांचा होता.

गावांचा हक्क ही तिसरी गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या आदिवासी समाजांच्या, त्यांच्या भाषेत 'अदात' समाजांच्या, जमिनी सरकारी वनक्षेत्रात मोजल्या जात. न तोडल्याचे पैसे आले तर ते कुणाचे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

समोर कोणते पर्याय होते

नॉर्वेपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

एक म्हणजे नेहमीची प्रकल्पवार मदत: एक भाग निवडायचा, तिथे कालवे बुजवायचे, झाडे लावायची. ही वाट ऑस्ट्रेलियाने २००७ मध्येच धरली होती, तीही त्या फसलेल्या भातप्रकल्पाच्या जमिनीवर. दहा कोटी झाडे लावण्याची घोषणा झाली, मग उद्दिष्टे कापत कापत आणली आणि २०१४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर परवाने वाटले जातच होते, त्यामुळे आत यश आले असते तरी फार फरक पडला नसता.

दुसरी वाट जागतिक बँक किंवा संयुक्त राष्ट्रांच्या निधीत पैसे टाकून त्यांच्यावर सोपवायची. सुरक्षित, पण संथ. गयानात नॉर्वेने हेच केले आणि निधीत पडून राहिलेल्या पैशांवरून तिथल्या सरकारची चिडचिड जगजाहीर झाली.

तिसरी वाट अख्ख्या देशाशी सौदा करायचा: आधी तयारी, मग धोरणबदल आणि शेवटी मोजलेल्या, तपासलेल्या घटीवर पैसे. नॉर्वेने ही निवडली. पहिल्या दोन टप्प्यांसाठी २० कोटी डॉलर, २०१४ पासूनच्या कामगिरीसाठी ८० कोटी. ब्राझीलमध्ये ही पद्धत बऱ्यापैकी चालत होती. पण तिथे उपग्रहावरून अॅमेझॉन मोजणारी सरकारी संस्था १९८८ पासून दरवर्षी आकडे देत होती आणि पैसे ठेवायला राष्ट्रीय विकास बँक तयार होती. इंडोनेशियात मोजणी, तिजोरी आणि तपासनीस, तिन्ही नव्याने उभे करायचे होते आणि त्यासाठी इरादापत्राने दिली होती साडेतीन वर्षे. माझ्या मते प्रकरणातली पहिली मोठी चूक हीच आणि ती दोघांची मिळून. वेळापत्रक राजकारणाच्या कॅलेंडरवर बेतले होते, कामाच्या नाही.

इंडोनेशियापुढचा निर्णय वेगळा होता: हे काम द्यायचे कुणाकडे? वनमंत्रालयाकडे दिले तर जी यंत्रणा परवाने वाटते, तिलाच परवाने थांबवायला सांगण्यासारखे होते. मंत्रालयाला बाजूला ठेवून नवी यंत्रणा उभारली तर तिच्या हाती कायद्याची ताकद काहीच नसणार. युधोयोनो यांनी दुसरा पर्याय घेतला. अध्यक्षांच्या थेट अखत्यारीत कृतिदल नेमले आणि त्याचे प्रमुखपद कुंतोरो मांकुसुब्रोतो यांना दिले. त्सुनामीनंतर आचेह आणि नियासची उभारणी करणाऱ्या यंत्रणेचे ते प्रमुख होते; भ्रष्टाचाराचा डाग न लागू देता काम केल्याबद्दल त्यांचे नाव होते. माणूस योग्य होता. पण आपत्तीनंतर गाव उभे करताना सगळ्यांना ते गाव हवेच असते. परवाने थांबवताना तसे नसते.

काय केले गेले

नॉर्वेचे पहिले ३ कोटी डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत आले. डिसेंबर २०१० मध्ये मध्य कालिमांतान हा पथदर्शी प्रांत ठरला. खरी कसोटी होती ती नव्या परवान्यांवरच्या दोन वर्षांच्या स्थगितीची. ती जानेवारी २०११ पासून लागू व्हायची होती. मसुद्यावरून मंत्रालये आणि कृतिदल यांच्यात ओढाताण चालली आणि आदेश निघायला २० मे उजाडला.

तो आदेश वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. इरादापत्रात 'नैसर्गिक जंगल' होते, आदेशात 'प्राथमिक नैसर्गिक जंगल' झाले. एका शब्दाने एकदा विरळ तोड होऊन पुन्हा वाढलेली सगळी जंगले बाहेर पडली आणि धोका मुख्यतः त्यांनाच होता. प्राथमिक जंगलाचा मोठा भाग आधीच्या कायद्यांनीच राखीव होता. शिवाय अपवादांची यादी: तत्त्वतः मंजूर झालेले जुने अर्ज, असलेल्या परवान्यांची मुदतवाढ, वीज, तेल-वायू, भूऔष्णिक प्रकल्प आणि भात-उसासाठीची जमीन.

इथे नॉर्वेला निर्णय घ्यायचा होता. हे आमच्या करारात बसत नाही म्हणून हात आखडता घ्यायचा की जे मिळाले ते पदरात पाडून पुढे जायचे? नॉर्वेने स्थगितीचे स्वागत केले. त्यावर स्वयंसेवी संस्थांनी बरीच टीका केली. मला तो निर्णय मात्र बरोबर वाटतो, कारण त्या आदेशाबरोबर एक अशी गोष्ट आली, जी कराराच्या शंभर पानांत आली नसती: स्थगितीचा नकाशा. तो जाहीर होता, कुणालाही पाहता येत होता आणि दर सहा महिन्यांनी त्याची दुरुस्ती होऊन नवी आवृत्ती निघत होती. तोवर कुणाला कुठे परवाना आहे, हे विचारायचे म्हणजे कार्यालयांचे उंबरे झिजवणे. आता मागच्या आवृत्तीवर नवी आवृत्ती ठेवून पाहिली, की कुठला तुकडा हळूच गळला ते दिसे. पत्रकार आणि संस्था ते करू लागल्या. दुरुस्तीच्या नावाखाली तुकडे गळतही राहिले, पण उजेडात गळू लागले. याच कामातून 'एक नकाशा' धोरण निघाले आणि २०१६ मध्ये त्याला अध्यक्षीय आदेशाचे रूप आले.

चूक स्वागतात नव्हती, त्यानंतरच्या गप्प बसण्यात होती. दुय्यम जंगले केव्हा येणार, अपवाद केव्हा कमी होणार, याचे लेखी वेळापत्रक मागायची ती वेळ होती. ती टळली. स्थगिती २०१३, २०१५, २०१७ मध्ये वाढत गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कायमची झाली. सुमारे ६.६ कोटी हेक्टर तिच्याखाली आले. शब्द मात्र तोच राहिला: प्राथमिक.

दरम्यान १६ मे २०१३ रोजी घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला, की अदात समाजांची जंगले ही सरकारी जंगले नव्हेत. याचिका आदिवासी संघटनेची होती, नॉर्वेचा तिच्याशी संबंध नव्हता. पण कराराच्या निमित्ताने जमिनीच्या हक्कांवर जी उघड चर्चा सुरू झाली होती, तिने या निकालाला वजन आले. प्रत्यक्ष जमीन गावांच्या नावावर व्हायला मात्र डिसेंबर २०१६ उजाडले आणि तेव्हाही सुरुवात नऊ समाजांपासून, जेमतेम तेरा हजार हेक्टरांवर झाली.

कृतिदलाचे रूपांतर कायमच्या संस्थेत करायचे होते. त्याचा आदेश २०१३ च्या ऑगस्टअखेरीस निघाला, प्रमुख डिसेंबरात नेमला गेला. युधोयोनो यांची दुसरी आणि घटनेप्रमाणे शेवटची मुदत ऑक्टोबर २०१४ मध्ये संपणार होती, हे २०१० मध्येही सगळ्यांना ठाऊक होते. जोको विडोडो अध्यक्ष झाले, त्यांनी वन आणि पर्यावरण मंत्रालये एकत्र केली आणि जानेवारी २०१५ मध्ये ती संस्था बरखास्त करून काम मंत्रालयाकडे सोपवले. ज्या मंत्रालयाला वळसा घालायला पाच वर्षे घालवली, गाडी शेवटी त्याच्याच दारात येऊन उभी राहिली.

२०१५

त्याच वर्षी एल निन्यो आला. जुलैपासून आगी लागत गेल्या आणि पाऊस येईपर्यंत सुमारे २६ लाख हेक्टर जळाले. मध्य कालिमांतानाची राजधानी पालांकाराया आठवडेच्या आठवडे पिवळ्या धुरात होती, शाळा बंद होत्या, विमाने उतरत नव्हती. देशभरात पाच लाखांवर लोकांना श्वसनाचे विकार जडले. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज केला १,६०० कोटी डॉलरचा. इरादापत्रातल्या सगळ्या रकमेच्या सोळापट एका हंगामात धुरात गेले.

या आगीने जे केले, ते पाच वर्षांच्या वाटाघाटींना जमले नव्हते. न तोडण्याचा फायदा कधीतरी परदेशातून येणार होता, तोडण्याचा तोटा आता घरात येऊन बसला होता. जानेवारी २०१६ मध्ये पीटजमिनी सुधारण्यासाठी स्वतंत्र संस्था झाली, वीस लाख हेक्टरांचे उद्दिष्ट ठरले. पीटवरचे नियम कडक झाले. २०१८ मध्ये नव्या पाम लागवडीवर तीन वर्षांची स्थगिती आली.

काम कसे चालले ते पाहण्यासारखे आहे. कालव्यात लाकडी ओंडक्यांच्या दोन भिंती ठोकायच्या, मध्ये मातीची पोती भरायची. एवढ्याने पाणी अडते आणि आसपासच्या पीटमध्ये पातळी चढू लागते. पण हाच कालवा गावाचा रस्ता असतो. रबर, मासे, लाकूड होडीतून याच वाटेने बाजाराला जाते. गावाला न विचारता बांध घातले, तिथे ते रातोरात फोडले गेले. मग बांधाला मधोमध होडी ओढून नेता येईल अशी खाच ठेवायला लागले. पाणी थोडे कमी अडते, बांध मात्र टिकतो. अख्ख्या प्रकरणात मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला निर्णय हा आहे आणि तो कुठल्याच कराराच्या कागदावर नाही.

पैशांचा हिशेब आणि ताटातूट

जंगलतोड उतरू लागली. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ मध्ये सुमारे ११ लाख हेक्टर, २०१६-१७ मध्ये ४.८ लाख, २०१९-२० मध्ये १.१५ लाख. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही देशांच्या मंत्र्यांनी जाहीर केले, की पहिली कामगिरी सिद्ध झाली, आता पैसे मिळतील.

हिशेब असा झाला. २०१६-१७ मध्ये आधारपातळीपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा, १.७३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड कमी सुटला. मोजणीतली अनिश्चितता आणि इंडोनेशियाचा स्वतःचा वाटा यांपोटी ३५ टक्के वजा केल्यावर उरले १.१२ कोटी टन. दर टनाला ५ डॉलर. म्हणजे ५.६ कोटी डॉलर.

आकडा लहान आहे. पण तो लहान असल्याने बिनसले असे म्हणता येत नाही. इंडोनेशियाने तो मान्य केलेलाच होता. बिनसले ते त्यानंतर. पैसे घेण्यासाठी इंडोनेशियाने २०१९ मध्ये अर्थमंत्रालयाखाली पर्यावरण निधी स्थापन केला. मग त्या निधीत पैसे कोणत्या अटींवर जमा करायचे, खर्च कशावर व्हायचा, कोण तपासणार, यावर मसुदे फिरत राहिले. दात्याच्या बाजूने पाहिले तर करदात्यांचा पैसा नव्याकोऱ्या निधीत टाकताना खातरजमा करणे रास्तच. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मोजणी झाली, तपासणी झाली, जाहीर समारंभही झाला, आणि आता मजुरी देताना मालक विचारतो, पैसे कुठे खर्च करणार? कामगिरीवर पैसे या कल्पनेचा अर्थच असा, की कामगिरी दाखवल्यावर अटी संपतात. नॉर्वेला मदतीची जुनी सवय सुटली नव्हती. आणखी एक गोष्ट जाकार्तात बोलली जाई: नॉर्वेच्या सरकारी निधीने २०१२ मध्ये २३ पाम कंपन्यांतून पैसा काढून घेतला खरा, पण तोवर त्याच देशाचा पैसा लागवडीतही होता आणि जंगल वाचवण्यातही.

१० सप्टेंबर २०२१ रोजी इंडोनेशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाने करार संपल्याचे जाहीर केले. कारण दिले, की नॉर्वेने रक्कम देण्याच्या बांधिलकीत ठोस प्रगती केली नाही. वाटाघाटी नीट चालल्या होत्या, असे नॉर्वेचे म्हणणे. दोन महिन्यांवर ग्लासगोची हवामान परिषद होती. आम्हाला कुणाच्या ५.६ कोटींची गरज नाही, हे सांगायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. त्याच महिन्यात पाम लागवडीवरची स्थगितीही मुदत संपून गुपचूप निघून गेली. तिची बातमी लहान झाली. जंगलाच्या दृष्टीने ती मोठी होती.

पुढे काय झाले

१२ सप्टेंबर २०२२ रोजी जाकार्तात नवा सामंजस्य करार झाला. घोषणेचा मोठा आकडा यात नव्हता. मोजणी इंडोनेशियाची, निधी इंडोनेशियाचा, उद्दिष्टही इंडोनेशियाच्याच योजनेतले: २०३० पर्यंत जंगल आणि जमीन वापरातून सुटणाऱ्यापेक्षा शोषला जाणारा कार्बन जास्त असावा. ऑक्टोबरात ते अडलेले ५.६ कोटी डॉलर पर्यावरण निधीत जमा झाले आणि नंतर पुढच्या वर्षांच्या कामगिरीचे हप्तेही आले.

जंगलतोड उतरली, याचे श्रेय कराराला किती? पामतेलाचे भाव त्या वर्षांत पडलेले होते, २०१५ नंतर काही वर्षे पाऊस बरा झाला, लागवडीला सोयीच्या जमिनी संपत आल्या होत्या, मोठ्या खरेदीदारांनी जंगल तोडून केलेले तेल नाकारायला सुरुवात केली होती. स्थगिती आणि पीटचे नियम हे यांतलेच दोन धागे. वेगळे काढून वजन करता येत नाहीत. एवढे नक्की म्हणता येते, की जाहीर नकाशा नसता तर २०१५ नंतर कडक व्हायचे ठरवूनही कुठे कडक व्हायचे ते कळले नसते.

वेगळे काय करता आले असते

पहिले, तिजोरी आधी उभारायला हवी होती. २०१० मध्येच पैसा कुठे, कुणाच्या सहीने, कोणत्या नियमाने जमा होईल हे ठरले असते, तर २०१९ चा समारंभ आणि २०२२ चा हप्ता यांत साडेतीन वर्षे गेली नसती. ब्राझीलच्या अनुभवातून हे दिसत होते.

दुसरे, जिल्ह्याला वाटा. न तोडल्याबद्दलच्या रकमेतला ठरावीक हिस्सा परवाना रोखून धरणाऱ्या जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात जाईल, असे पहिल्या कागदावर हवे होते. पथदर्शी प्रांत निवडला, त्याला कार्यशाळा मिळाल्या, बैठका मिळाल्या. भरवशाचे उत्पन्न मिळाले नाही.

तिसरे, मंत्रालयाला वळसा घालण्याचा निर्णय. यावर माझे मत अजून पक्के होत नाही. वळसा घातला नसता तर नकाशा बाहेर आला नसता, असे मला वाटते. पण बाहेरची संस्था काम उघडे पाडू शकते, चालवू शकत नाही. म्हणून तिच्या जन्मालाच तिचे काम मंत्रालयाकडे जाण्याची तारीख ठरवायला हवी होती. ते झाले नाही आणि निवडणुकीने ती तारीख ठरवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सरकारने वन आणि पर्यावरण ही मंत्रालये पुन्हा वेगळी केली. मोजणी करणारे आणि परवाने देणारे आता कुठे बसतात, त्यांचे नकाशे एकच राहतात का, हे पुढचा हप्ता ठरवताना तपासावे लागेल.

आणि चौथे, अपवादांची ती यादी. भात आणि उसाला दिलेली सूट तेव्हा किरकोळ वाटली. वास्तविक ऑस्लोच्या सह्यांनंतर तीनच महिन्यांत, ऑगस्ट २०१० मध्ये, पापुआच्या मेरौकेत दहा लाख हेक्टरांहून मोठ्या अन्नप्रकल्पाचे उद्घाटन झाले होते. म्हणजे सूट कुणासाठी ठेवली जात होती, हे कोडे नव्हते. तो प्रकल्प मध्यंतरी रेंगाळला. आता ऊस आणि भात याच नावाने मेरौकेत त्याहून मोठ्या क्षेत्रावर काम सुरू झाले आहे आणि जंगल सपाट होत आहे. २०११ च्या आदेशातली ती सूट अजून कायम आहे, आणि २०२२ च्या करारातही तिला कुणी हात लावलेला नाही.